रेडिओचा डाख

गुणाजीची होडी पहाटे मिठबावच्या किनाऱ्यावरून सुटली तेव्हा समुद्र तळ्यासारखा निवांत होता. दुपार कलायच्या आत त्याचा रंग शिशासारखा झाला आणि असा वारा सुटला की माड एका बाजूला लवले ते सरळ होईनात. दिवाळी तोंडावर आली होती. अशा दिवसांत वादळ कोणाच्या मनातही नसतं.

गुणाजीची बायको तुळसा वाळूत उभी राहून डोळे ताणून पाहत होती. बाकीच्या होड्या एक एक करून परतल्या. तिच्या घरची तेवढी नाही.

शेजारचा दाजी तांडेल आपली मोठी होडी पाण्याच्या बाजूला ओढून ठेवत होता. सोबत चार गडी होते. "वायच वारो पडलो की आमी बघूक जातलाव," तो म्हणाला. तुळसाला त्याच्या पाया पडावंसं वाटलं.

ती धावत घरी आली. सासू गोदूबाई देवापुढे बसून पुटपुटत होती. धाकटा दीर परशुराम पडवीत होता. लहानपणच्या तापात त्याचा एक पाय लुळा झाला, म्हणून तो समुद्रावर जात नसे. जाळी विणायचा आणि हौस म्हणून घड्याळं, कंदील, जे हाती लागेल ते खोलून बसायचा. गावात वीज नव्हती, पण बॅटरीवर चालणारा एक मोडका रेडिओ त्याने खटपट करून बोलता केला होता.

"भावोजी, रेडिओ लावा. वादळाचा काय सांगतत ता आयकूया."

परशुरामाने जमिनीकडे बोट केलं. रेडिओ जमिनीवर पालथा पडला होता. आवाज पकडायला माडाला बांधलेली तार वाऱ्याने खेचली आणि तिच्याबरोबर रेडिओही फळीवरून खाली आला. आतल्या दोन बारीक तारा जागेवरून सुटल्या होत्या. कथील वितळवून त्या पुन्हा जोडायला हव्या होत्या.

"डाख देवक व्हयो," तो म्हणाला. "पण माझा जुना तांब्याचा टोक निखाऱ्यात तापवचा लागता, आणि ता ह्या खोक्यात शिरूचाच नाय."

"मगे तो नवो?"

नवा डाख, म्हणजे डाख द्यायचं हत्यार, एका जहाजावरच्या पाहुण्याने आणून दिला होता. पितळी मुठीत पेट्रोल, पुढे नळी, नळीच्या तोंडाशी तांब्याचं बोट. चाकी फिरवून पेटवला की ज्योत त्या बोटाला तापवायची. वायर नको, निखारे नकोत. पण पहिल्याच दिवशी त्याच्या भडक्याने परशुरामाच्या भुवया जळाल्या होत्या. तेव्हा तुळसानेच शपथ घालून तो घरात पेटवायला मनाई केली होती. पडवीला झावळांचं छप्पर, आडव्या दांडीवर सुकी जाळी. ठिणगी पुरली असती.

तिने बाहेर पाहिलं. समुद्राचा आवाज आता घरात ऐकू येत होता.

"पेटवा," ती म्हणाली.

परशुरामाने आतल्या खोलीत ज्योत पेटवली. ती फुसफुसत होती. जाळं विणायच्या बांबूच्या सुईने तुळसाने शेजारच्या तारा बाजूला धरल्या. पण तांब्याचं टोक सुटलेल्या तारेला लागण्याआधी ज्योतच दुसऱ्या तारेवरचं कापड चाटू लागली. करपल्याचा वास आला. परशुरामाने हात मागे घेतला आणि त्या झटक्याने मुठीच्या बुचातून थेंब सांडले. चटईवर आग पसरली.

"अगो बाय माझे!" गोदूबाई किंचाळली.

तुळसाने उंबऱ्यावरचं ओलं गोणपाट उचलून चटईवर टाकलं आणि त्यावर पाय रोवून उभी राहिली. आग विझली.  परशुरामाने चाकी बंद करून मूठ खाली ठेवली.

"बारीक कामाक ह्यो नको, वयनी. ज्योत टोकापेक्षा मोठी."

"ज्योत विझवून लावलात तर?"

त्याने टोकाजवळ तळहात धरून पाहिला. "टोक गरम रवता तवसर व्हयत. पण तापवचा बाहेर. आणि माका धावूक जमाचा नाय."

म्हणजे तिलाच जावं लागणार होतं. बूच घट्ट करून, मूठ कोरडी पुसून त्याने ती तिच्या हातात दिली. मागच्या दारी न्हाणीच्या भिंतीआड तुळसाने तोंड फिरवून काडी लावली. हातभर जाळ उठला.  मुठीतलं पेट्रोल तापत होतं हे तिला तळहाताला कळत होतं. आता फुटेल, आता फुटेल असं वाटत असताना तिने चाकी बंद केली आणि धावली.

पहिल्या खेपेला टोक निवलं, कथलाचा नुसता गोळा झाला. दुसऱ्या खेपेला एक तार बसली. तिसऱ्या खेपेला दाराशी पाय घसरला तरी मूठ तिने सोडली नाही. दुसरीही तार बसली.

परशुरामाने सुटी तार वाशांवरून टाकली. खरखर झाली, गाण्याचा तुकडा आला, गेला. मग संध्याकाळच्या बातम्यांत एक शांत आवाज म्हणाला की वादळ उत्तरेकडे सरकत आहे, किनाऱ्यावर वाऱ्याचा जोर रात्री आणखी वाढेल, मच्छिमारांनी कोणत्याही कारणाने समुद्रात जाऊ नये.

तेवढ्यात बाहेरचा वारा पडला. एकदम, कोणी दार लावून घ्यावं तसा.

तुळसाला कळलं की दाजी आता निघणार. ती किनाऱ्यावर पोचली तेव्हा होडी अर्धी पाण्यात होती.

"दाजीनू, जाव नकात!"

"वारो पडलो गो. गुणाजीक हाडूक नको?"

हो म्हणायला जीभ उचलली होती. आपण गप्प राहिलो तर हे जातील आणि कदाचित तो सापडेल. आपण बोललो तर त्याला समुद्रात आपणच सोडलं असं होईल.

"रेडियोर सांगल्यानी, वारो परत येतलो. ह्याच्याहून मोठो. तुमची पोरां घरात आसत," ती म्हणाली आणि होडीची दोरी दोन्ही हातांनी धरून वाळूत बसली.

दाजीने एकदा आकाशाकडे पाहिलं. मग त्याने गड्यांना खूण केली. होडी वर ओढून होते न होते तोच वारा परत आला आणि उसळलेल्या लाटेने किनाऱ्यावरची लाकडं वाहून नेली.

त्या रात्री गोदूबाई सुनेशी एक शब्दही बोलली नाही. तुळसा भिंतीला टेकून बसली. आपण काय केलं, याचा विचार करायचंही तिला भय वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी ऊन वर आल्यावर गुणाजी चालत घरी आला. दुपारीच पाण्याचा रंग बघून त्याने होडी देवगडच्या खाडीत घातली होती. होडीवरचे पाचही जण धड होते. गोदूबाई त्याच्या गळ्यात पडून रडली. तुळसा उठलीच नाही. 

"दाजी येय होते तुमका बघूक," ती खाली मान घालून म्हणाली. "मी येवक दिलंय नाय."

गुणाजीने परशुरामाकडे पाहिलं, जळक्या चटईकडे पाहिलं. मग तिच्याजवळ जमिनीवर बसला.

"बरा केलंस," तो म्हणाला. "पेज आसा काय?"

तुळसा उठली आणि चुलीवरची पेज ढवळून त्याच्या पुढ्यात वाढली.