जुना ओरिबे, नवा ओरिबे

“थांबव, थांबव! रक्तगट तपासलाच नाही त्यानं!”

मंदार आठल्ये खुर्चीतून अर्धा उठून टीव्हीकडे बोट रोखून ओरडत होता. पडद्यावर ओरिबे नावाचा पांढराफटक, लांब केसांचा माणूस एका मुलीच्या मनगटाला दात लावून बसला होता.

मनस्वीनं रिमोट दाबून चित्र थांबवलं. “बाबा, वैंपायर है वो. उसको ब्लड ग्रुप से क्या लेना-देना?”

“नाही कसं? आज एकीचं प्यायला, उद्या दुसरीचं. काय होईल त्याचं?”

“आप जाइए ना. मुझे देखने दीजिए.”

मंदार काही गेला नाही. झाशीतल्या एका इस्पितळाच्या रक्तपेढीत तंत्रज्ञ म्हणून त्याची उमेदीची सगळी वर्षं गेली होती. नमुना तपासायचा, पिशवीवर चिठ्ठी डकवायची, फ्रिजचं तापमान बघायचं, आणि दाराशी ताटकळलेल्या माणसाला ‘हो जाएगा भैया, बैठिए’ म्हणायचं. माणूस भिडस्त. सभेत कधी तोंड उघडलं नाही, बढतीसाठी कधी साहेबांच्या खोलीत गेला नाही. पण रक्ताच्या बाबतीत कुणी हयगय केली, मग तो जपानी कार्टूनमधला तीनशे वर्षांचा रक्तपिपासू का असेना, की याचा जीव वरखाली व्हायचा.

अर्थात तो तिथं चिकटून बसला होता तो रक्तासाठी नव्हे. लेकीच्या तोंडून एखादं मराठी वाक्य पडेल, या आशेवर बसला होता.

आठल्ये घराणं अडीचशे वर्षांपूर्वी दक्षिणेतून इकडे आलं ते सुभेदाराच्या कचेरीत लिहायला. कचेरी गेली, लिहिणं गेलं, भाषा तेवढी घरात राहिली. उंबऱ्याबाहेर हिंदी, आत मराठी, असा रिवाज. मंदारनं लग्न केलं ते झाशीजवळच्या मोठ गावच्या ताराशी. तिच्या वडिलांचं तिथल्या बाजारात बियाण्याचं दुकान. तारा घरात बुंदेली बोलायची, बाहेर हिंदी. मराठी तिला सगळं कळायचं, पण तिनं ते बोलावं असा आग्रह कुणी धरला नाही. मराठी बोलायला मंदारची आई होती. आई गेल्या वर्षी गेली. उरली मनस्वी, अकरावीतली.

आणि मग या मे महिन्यात पुण्याला एका नातलगाकडे मुंज झाली. मनस्वी आपली हौसेनं तिथल्या मुलींत बसून बोलत होती. तिचं ‘पहिलेवाला’ आणि ‘मी तर नाही जाणार’ ऐकून त्या मुली अशा काही हसल्या की पोरगी पंक्तीतून उठली. परतीच्या गाडीत तिनं वरचा बर्थ गाठला आणि तेव्हापासून मंदारनं मराठीत विचारावं, तिनं हिंदीत उत्तर द्यावं, असं सुरू झालं. मंदारला हे फार लागलं. रोज सकाळी पूजा करताना तो देवाशीच चार वाक्यं मराठीत बोलून घ्यायचा, पण देव काही उलट उत्तर देत नाही.

गणपती तोंडावर आले. झाशीतल्या मराठी मंडळींच्या गणपतीत एक जुनी रीत आहे. एका संध्याकाळी पाळीपाळीनं घरटी एका मुलानं उभं राहून, कागद न बघता, मराठीत बोलायचं, विषय कुठलाही. बोलणं झालं की श्रोत्यांपैकी कुणीही उठून शंका काढायची आणि मुलानं तिचं निरसन करायचं. एके काळी म्हणे या शंकांवरून घराघरांत अबोले होत. आता मुलं पाठ केलेलं म्हणून मोकळी होतात आणि मोठी माणसं प्रसादाकडे डोळे लावून बसतात. यंदा पाळी आठल्यांची होती.

“मैं नहीं बोलूँगी,” मनस्वी म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, “ओरिबे पर बोलने देंगे, तो सोचूँगी. और आपको दोनों सीरीज़ पूरी देखनी पड़ेंगी.”

मंदारनं मंडळाच्या अध्यक्षांना, आबासाहेबांना, भीतभीतच फोन लावला. आबासाहेब निवृत्त मुख्याध्यापक, वय ऐंशीच्या पुढे, आवाज अजून वर्गातला.

“रक्त पिणारा? गणपतीपुढे?” ते गरजले. मग आवाज उतरला. “रक्तबीजाची कथा आपण देवीपुढे सांगतोच म्हणा. बोलू दे पोरीला.”

झालं. सकाळची पाळी संपवून मंदार घरी येऊन कार्टून बघू लागला. ‘कार्टून नहीं, ॲनिमे’ हे त्याला रोज एकदा ऐकावं लागे. शेजारच्या स्वयंपाकघरातून तारा पोळ्या लाटता लाटता डोकावे. “जे का देखत रैत दोऊ जने? एक जनो मरत नईं, दूसरो छोड़त नईं,” म्हणून परत वळे.

गोष्ट एकच, मालिका दोन. मूळ चित्रकथेत ओरिबे परमुलखातून भटकत समुद्रकाठच्या एका मिठागरांच्या गावात येतो. गावातली नाओ नावाची मुलगी त्याला वर्षातून एकदा आपलं रक्त देते, बदल्यात तो रात्रभर मिठागरांची राखण करतो. पहिली मालिका निघाली तेव्हा चित्रकथा अर्धीच छापून झाली होती. पुढचं ठाऊक नसल्यानं मालिकावाल्यांनी शेवट आपल्या मनानं केला. त्यात ओरिबे एका पहाटे उन्हात चालत जातो आणि मिठागरावर त्याची राख होते. पुढे चित्रकथा पूर्ण झाली आणि तिला धरून नवी मालिका निघाली. तिच्यात ओरिबे मरत नाही. तो आपल्या मूळ देशी जातो, तिथं त्याची बोली कुणालाच कळत नाही, आणि तो पुन्हा मिठागरांकडे परततो.

मंदारला जुनी आवडली. शेवटी तर डोळे पुसावे लागले. उपरण्यानं पुसले, म्हणजे लेकीला दिसणार नाही. तिला दिसलं.

“आपको वो अच्छी लगी? उसमें तो रंग भी फीके हैं!”

“रंग फिके असू देत. माणूस गाव सोडून गेला नाही. तिथंच राख झाला. याला म्हणतात शेवट.”

“कुछ भी! अरे बाबा, तो शेवट नाहीच आहे! त्यांना पुढची गोष्ट माहीत नव्हती म्हणून फालतूमध्ये मारून टाकलं त्याला! तुम्ही नवीनवाली नीट बघितलीच नाही!”

लेक मराठीत भांडत होती! मंदारच्या ते लगेच ध्यानात आलं. पण तसं बोललो की ती सावध होईल आणि पुन्हा हिंदीवर जाईल, एवढं त्याला कळत होतं. त्यानं मुद्दाम तोंड वाकडं केलं. “बघितली की. लांबवलीये नुसती.”

मग काय विचारता! त्या दिवसापासून रोज भांडण. साधं काही विचारलं तर उत्तर हिंदीत, पण ओरिबेवरून चिडली की मनस्वी तडातडा मराठीत. मंदार सकाळी रक्तपेढीत नमुने तपासता तपासता संध्याकाळी लेकीला कुठं डिवचायचं याचे मुद्दे जमवत बसे. इतका सुखी तो कित्येक वर्षांत नव्हता.

आणि इथंच त्यानं घोळ घातला. झाशीच्या कुठल्याही मराठी माणसानं घातला असता तोच. आपलं मराठी पुण्याला दाखवून घ्यावं, असं त्याला वाटलं. मनस्वीनं लिहिलेलं चार पानी भाषण त्यानं प्रेमलाताईंना पाठवलं. त्या त्याच्या चुलतबहीण, पुण्यात शाळेत मराठी शिकवत असत. ताईंनी प्रेमानं, एक वाक्यही न सोडता, ते शुद्ध करून धाडलं. ‘फालतूमध्ये मारून टाकलं’ याचं ‘त्याचा अकारण अंत घडवून आणला’ झालं. आता हसायला कुणाला जागा उरणार नाही, म्हणून मंदार खूश.

मनस्वीनं ते वाचलं. पाठ करायला घेतलं. घरातली भांडणं बंद झाली, आणि मंदारला वाटलं, पोरगी मन लावून तयारी करतेय.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी सभागृह निम्मं भरलं होतं. मंदार आणि तारा तिसऱ्या रांगेत बसले. मनस्वी उभी राहिली, हात जोडले, आणि सुरुवात केली. “उपस्थित रसिकहो, एकाच कलाकृतीची दोन रूपांतरे जेव्हा आपल्यासमोर येतात, तेव्हा...”

तेव्हा काय, ते तिला आठवेना. ती पहिल्यापासून म्हणू लागली. पुन्हा ‘तेव्हा’ला अडली. मागं कुणीतरी खुसखुसलं. मनस्वीचा चेहरा मंदारनं पुण्याच्या पंक्तीत पाहिला होता अगदी तसाच झाला. ती आता खाली उतरणार आणि पुन्हा कधी मराठीत तोंड उघडणार नाही, हे त्याला स्वच्छ दिसलं. आपणच हे केलं, आपल्या हातानं तिची जीभ बांधली, या विचारानं त्याचे कान तापले.

तो उठला. उठताना खुर्ची केवढी तरी करकरली.

“माझी शंका आहे,” तो म्हणाला. आवाज चिरकला.

आबासाहेबांनी चष्मा वर केला. “अहो आठल्ये, मुलीचं बोलणं व्हायचंय अजून.”

“ते होईल. माझी शंका आत्ताच आहे.” मंदारनं पुढच्या खुर्चीची पाठ धरली. “नवीन मालिका अगदीच टाकाऊ आहे. ओरिबेला उगाच समुद्रापार फिरवून आणलाय. हिला दुसरं काही म्हणायचं असेल तर म्हणू दे.”

मनस्वी बघतच राहिली. तिच्या नाकपुड्या फुगल्या.

“टाकाऊ?” ती म्हणाली. “बाबा, इथे पण?”

“इथे पण. जुनीच खरी.”

“खरी कशी? त्यांच्याजवळ पुढची गोष्टच नव्हती! मनानं करून टाकली!”

“मग आपण काय केलं?” मंदारनं विचारलं. हे त्यानं ठरवलेलं नव्हतं, आपसूक आलं. “आपली माणसं तिकडून निघाली तेव्हा गोष्ट अर्धीच होती. पुढचं आपण इथं मनानंच केलं ना? आपलं बोलणं, आपले सण, सगळंच. ते काय खोटं आहे?”

मनस्वीनं मुठीतले घडी केलेले कागद टेबलावर ठेवले.

“खोटं नाही म्हटलं मी. पण जुन्यावाल्यात तो मरतो, बाबा. लोक रडतात, संपलं. नवीनमध्ये तो आपल्या देशात जातो, तिथे सगळे त्याला हसतात, की हा कसा बोलतो. मग तो काय करतो? मरत नाही. मिठाच्या गावात परत येतो आणि तिथे जसं बोलतात तसं मोठ्यानं बोलतो. मला सांगा, कोण जास्त हिमतीचा? मरणारा की परत येऊन बोलणारा?”

मंदार खाली बसला. मागून एक काकू उठल्या, “पण त्या मुलीचं काय झालं गं?” म्हणाल्या. मग आणखी कुणी, मग आणखी कुणी. मनस्वी एकेकाला उत्तर देत होती, मध्येच हिंदी घुसत होती, हात हलत होते, आणि यावेळी लोक हसले ते तिच्या विनोदाला. आबासाहेबांनी प्रसादाची वेळ टळू दिली. शेवटी म्हणाले, “दोन्ही बघितल्याशिवाय मी निर्णय देणार नाही. कुठं लागतात त्या?”

घरी पोचल्यावर पायऱ्या चढताना मनस्वी म्हणाली, “बाबा, तुम्ही हरलात.” मराठीत म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मंदार डबा घेऊन दाराशी आला, चपला घातल्या. मनस्वी चहा पीत बसली होती. तारा ओट्यापाशी पाठ करून उभी होती. तिनं गॅस बारीक केला आणि वळली.

“मला जुनावाला ओरिबे आवडला,” ती म्हणाली. “नवावाला फार बोलतो.”

लग्न होऊन आली त्या पहिल्याच आठवड्यात तारा असंच एक वाक्य मराठीत बोलली होती. घरातली सगळी हसली होती. वाईट मनानं नव्हे, कौतुकानंच, पण हसली होती. त्यानंतर आजपर्यंत नाही. कुणाच्या कधी ध्यानातही आलं नव्हतं. तारानं ओढणीला हात पुसले आणि कुणी हसतंय का, ते दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं.

कप खाली ठेवून मनस्वी सरसावली. “मम्मी! कुठे जास्त बोलतो तो? सांग ना!”

“बोलतो. समुद्राजवळ बसून बोलत राहतो, बोलत राहतो. माझ्या सगळ्या पोळ्या झाल्या, तो चूपच होत नाही.”

“अगं, तो तर सगळ्यात भारी सीन आहे!”

“असेल. मला नाही आवडला.”

मंदार दारात उभा होता. कामावर जायला उशीर होत होता. त्यानं चपला काढल्या, डबा कोपऱ्यात ठेवला आणि आत येऊन दोघींच्या मध्ये बसला.