ग्रीसचं बोट

नर्सरीवाल्याचा पिकअप तिसऱ्यांदा परत आला, तेव्हा डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा पुन्हा पेटलेलाच होता. मागे रोपांच्या कुंड्या, पुढे नर्सरीवाल्याचं उतरलेलं तोंड, आणि सायलेन्सरमधून काळाकुट्ट धूर.

"मिस्त्री, तीन सेन्सर झाले," तो म्हणाला. "गिऱ्हाईक म्हणतं, झाडं घेतो, पण आधी गाडी बंद कर."

मिस्त्री म्हणजे गॅरेजचा मालक, आणि ठिणगीचा सख्खा मामा. ठिणगी हे नाव त्यानंच ठेवलेलं. सहा वर्षांपूर्वी, कामाच्या पहिल्याच दिवशी तिनं बॅटरीवर पाना टेकवून असा काही शॉर्ट केला होता की सगळं गॅरेज बाहेर पळालं. आता गॅरेजात येणाऱ्या गाड्यांचं सगळं वायरिंग तीच करायची, पण नाव चिकटलं ते चिकटलंच.

ऑक्सिजन सेन्सर म्हणजे गाडीचं नाक. सायलेन्सरच्या नळीत बसून धुरात ऑक्सिजन किती उरला ते हुंगायचं आणि वायरीतून इंजिनाच्या कॉम्प्युटरला कळवायचं. नाक चुकलं की कॉम्प्युटरही चुकतो आणि पेट्रोल ओतत सुटतो. पिकअपचं नेमकं तेच चाललं होतं. पहिल्या खेपेला जुना सेन्सर खरंच संपला होता आणि त्याच्या वायरी नळीला चिकटून वितळल्या होत्या. वायरी ठिणगीनं बदलल्या, सेन्सर मामानं बसवला. दोन दिवसांत दिवा परत. दुसरा सेन्सर, दोन दिवस, दिवा परत. तिसरा, तीच गत.

"सेन्सर नवा कोरा, म्हणजे दोष वायरीत," मामा सगळ्यांसमोर म्हणाला. "आणि वायरी कुणी टाकल्या?"

ठिणगीनं मान खाली घातली नाही. "मी टाकल्या. तपासते."

"तपास. दोष निघाला तर उद्यापासून काउंटरवर बसायचं. बिलं कर, फोन घे. वायरिंगला मी दुसरा माणूस बघतो."

काउंटरच्या खुर्चीत बसायला कुणाची ना नसते, पण सहा वर्षं गाड्यांखाली पाठ घासलेल्या माणसाला तिथं बसवणं म्हणजे घरी पाठवणंच. हे मामालाही पक्कं ठाऊक होतं, म्हणून तर तो बोलला.

ठिणगीनं मीटर काढला. सेन्सर तापवणाऱ्या वायरीला बारा व्होल्ट पूर्ण. अर्थिंग ठणठणीत. प्रत्येक वायर या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड. मग इंजिन चालू ठेवून तिनं सगळा जुडगा हलवला, वाकवला, ओढला. आकडा जागचा हलला नाही.

"वायरी चांगल्या आहेत."

"मग सेन्सर खराब. चौथा घाल."

"आत्ता तर वायरी म्हणत होतास!"

"दोन्हीतलं एक असणारच ना!"

याला म्हणतात मिस्त्रीपण. तीस वर्षं पाना धरला की माणूस असा दोन्ही बाजूंनी बरोबर असतो.

ती भंगाराच्या पेटीपाशी जाऊन बसली. तीन नवे सेन्सर एकापाठोपाठ एक मरतात कसे? तिनं मेलेल्यांपैकी एक उचलला. त्याचा वायरी जोडायचा कनेक्टर ग्रीसनं गच्च भरलेला. त्यात काही नवल नव्हतं. मामाच्या खिशात ग्रीसची डबी कायम असायची. कुठलाही कनेक्टर जोडण्याआधी तो त्यात बोटभर ग्रीस भरायचा. पाणी शिरायला जागाच ठेवायची नाही, हा त्याचा बाणा. त्याचं काम पावसात बंद पडत नाही, हा त्याचा लौकिक त्या बोटावर उभा होता.

सेन्सरच्या खोक्यात एक घडी घातलेला कागद होता. असले कागद गॅरेजात हात पुसायलाच वापरले जात. तिनं तो उलगडला आणि वाचला. मग पुन्हा वाचला.

"मामा, हा सेन्सर श्वास घेतो."

"काय घेतो?"

"श्वास. आतला धूर बाहेरच्या हवेशी ताडून बघतो. आणि बाहेरची हवा त्याला वायरींच्या आतून, कनेक्टरमधून मिळते. इथं छापलंय, कनेक्टरमध्ये ग्रीस भरू नका. तू दरवेळी त्याचं नाक दाबलंस."

मामाचा चेहरा लाल झाला. "तीस वर्षं भरतोय मी ग्रीस! मला शिकवतेस?"

"हो," ती म्हणाली. तो शब्द तिनं परत घेतला नाही.

तिनं भंगारातला सेन्सर आणि पिकअपकडचा कनेक्टर स्प्रेनं धुतला, हवेच्या पाइपनं फुंकला, सेन्सर कोरडाच बसवला आणि तो काय कळवतो ते दाखवणारा स्कॅनर जोडला. इंजिन तापलं. पडद्यावरची रेघ वर गेली, खाली आली, पुन्हा वर गेली. फेकून दिलेला सेन्सर झकास चालत होता.

"योगायोग," मामा म्हणाला.

"काढ डबी. तूच भर."

त्यानं हट्टानं बोटभर ग्रीस भरलं आणि हाताची घडी घालून उभा राहिला. नर्सरीवाला एका कुंडीवर टेकला. अर्धा तास रेघ नाचत राहिली आणि मामाच्या मिशीत हसू आलं. तासाभरानं रेघेची उडी तोकडी झाली. दीड तासानं ती तळाला जाऊन आडवी पडली. पिवळा दिवा लागला.

मामानं फडक्याला बोट पुसलं. पुसतच राहिला.

"वर्षभरात किती सेन्सर बसवले आपण?" त्यानं हळूच विचारलं. "वीस? पंचवीस? आणि गाड्या परत आल्या की कंपनीला शिव्या घातल्या." त्यानं सवयीनं तिच्याकडे पाहिलं. "सगळ्यांना बोलवायला हवं. तू जरा फोन..."

"मी नाही करणार."

"ठिणगे..."

"माझं काम तुझ्यापायी चारचौघांत खोटं ठरलं. काम मी निस्तरते, सगळ्या गाड्यांचं. फोन तू कर. खुर्ची तिथं आहे."

नर्सरीवाल्यानं मुकाट्यानं कुंडीतली माती चाचपायला घेतली. मामा जागचा हलेना. ठिणगीही हलली नाही, डोळ्यांत पाणी आलं तरी नाही.

शेवटी तो गेला. काउंटरच्या खुर्चीत अवघडून बसला, वही उघडली, चष्मा चढवला. ती पिकअपखाली सरकली आणि कनेक्टर धुवायला लागली, तेव्हा वरून त्याचा आवाज आला.

"हॅलो, गॅरेजमधून बोलतोय. तुमच्या गाडीत माझ्या हातून चूक झालीय. हो, माझ्याच. उद्या आणा." तो थांबला, पलीकडचं ऐकलं. "नाही, मी नाही बघणार. वायरिंग माझी भाची बघते."