दहाचं शीट, बाराची भिंत

"थांबा, थांबा. कोपरा मोडन," सीमा वरच्या पायरीवरून म्हणाली, आणि शीट धरलेले दोन्ही हमाल जिन्याच्या वळणावर तसेच उभे राहिले.

जिप्समच्या शीटचं एक टोक वर छताला टेकलं होतं, दुसरं खाली कठड्याला. तिरकं करून पाहिलं, उभं करून पाहिलं. अमरावतीच्या राजापेठेतला तो अरुंद जिना बारा फुटांचं शीट काही वळू देईना.

"बाई, हे वर नाई जात," पुढचा हमाल म्हणाला. "घर पाडा, नाई तं शीट कापा."

सीमाने शीट खाली न्यायला सांगितलं आणि ती पायरीवरच बसली. वरच्या हॉलचे दोन भाग करणारी भिंत तिला उभी करायची होती. हॉलची उंची तिने तीनदा मोजली होती. जिना मात्र एकदाही मोजला नव्हता.

हे तिचं स्वतःचं पहिलं काम होतं. तिचा नवरा गोपाल अकोल्याच्या जुन्या शहरातला नावाजलेला जिप्सम मिस्त्री. शीट तो ठोकायचा आणि शिटांमधले सांधे सीमा भरायची. गेल्या वर्षी छताच्या कामात तो उभं राहायच्या लाकडी घोडीवरून पडला आणि त्याचा उजवा हात खांद्याच्या वर उचलेनासा झाला. त्याचा चुलतभाऊ जानराव याच धंद्यातला. "वैनी, तुमी माह्याकडे सांधे भरायले या," असं तो पहिल्याच आठवड्यात म्हणाला होता. हे काम फसलं, तर सीमाला तिथेच जावं लागणार होतं, आणि मग जन्मभर दुसऱ्याच्या भिंतीचे सांधे.

जानराव त्या दिवशी जवळच्याच एका दुकानात छताचं काम करत होता. खाली टेम्पोत परत चढलेली शिटं पाहून तो वर आला.

"काय वैनी, भिंत रस्त्यावरच उभी करता काय?"

"जिना वळू देऊन नाई राहिला, भाऊजी."

"मंग आठाचे शीट आना. आठ फुटावर थांबा, वरून मोकळं ठेवा. साऱ्या अमरावतीत असंच हाय. एक कूलर लावला का हवा दोन्हीकडे."

ते खरं होतं. वऱ्हाडातल्या उन्हाळ्यात एका कूलरवर दोन खोल्या थंड करायच्या, तर मधली भिंत छतापर्यंत नेऊन कसं चालेल? म्हणून इथल्या भिंती डोक्यापेक्षा जरा उंच जातात आणि थांबतात.

हॉलच्या मालकीणबाई चारुशीलाताई चष्मा पुसत दारात आल्या. निवृत्तीनंतर त्या इथे वाचायला अडखळणाऱ्या लहान मुलांना शिकवत. हॉलच्या दुसऱ्या अर्ध्या भागात त्यांच्या भाच्याचा, सोहमचा, तबल्याचा वर्ग चाले.

"मोकळं नको हो," त्या म्हणाल्या. "आत्ता कपाटं लावून तेच केलंय. पोरगं 'कमळ' वाचायला तोंड उघडतं आणि पलीकडून धा धिन धिन धा. मी कूलर दुसरा घेईन. भिंत छताला भिडली पाहिजे."

"मंग आठावर चाराची पट्टी लावा," जानराव म्हणाला.

आठावर चार म्हणजे काय, हे सीमाच्या बोटांना ठाऊक होतं. शिटाच्या लांब कडा कारखान्यातच जरा दाबून पातळ केलेल्या असतात. दोन लांब कडा शेजारी आल्या, की मध्ये उथळ खळगी तयार होते. त्यात सांध्यावरची कागदी पट्टी आणि पुट्टी बसते आणि भिंत सपाट राहते. आखूड कडा मात्र पूर्ण जाड. त्या एकमेकींना भिडल्या, की वरची कागदी पट्टी फुगते. आठ फुटांवर, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, सरळ फुगवटा आणि वर्षभरात सरळ तडा.

आत मुलांचा पाढा सुरू झाला. चार एके चार, चार दुणे आठ. चारुशीलाताई दारातूनच बोटाने ताल देत होत्या. चार त्रिक बारा.

सीमा उठली. शीट चार फूट रुंद असतं. इतकी वर्षं सगळे शीट उभं करून लांबीच मोजत आले. रुंदी कुणी मोजतच नाही. आडवं टाकलं तर? एकावर एक तीन, म्हणजे बारा फूट. आणि हॉलची रुंदी दहा. दहा फुटांचं शीट या टोकापासून त्या टोकापर्यंत अख्खं जाईल. आखूड कड आखूड कडेला कुठेच भेटणार नाही.

"आडवं लावते," ती म्हणाली.

जानराव हसला. "भिंत झोपवता काय बाप्पा? आडवं कोनी लावते काय?"

ती खाली गेली, बांबूच्या दुकानातून एक बांबू मागून आणला, दहा फुटांवर कापला आणि हमालांना म्हणाली, "हा वर न्या. कुठीसा अडकला तं सांगा." बांबू वळणावर घासला, पण गेला. मग तिने अकोल्याच्या दुकानदाराला, धर्मपालला, फोन लावला. बाराची शिटं परत घेऊन दहाची द्यायला तो कुरकुरला, शेवटी तयार झाला.

दुसरा फोन गोपालला. तिने त्याला सगळं सांगितलं.

"आडवं म्या कधी लावलं नाई," तो म्हणाला. "चुकलं तं जानराव दिवाळीपर्यंत हासन."

"हासू द्या."

"मंग लाव."

तिने लावलं. आधी छताला भिडलेलं, मग मधलं, मग जमिनीलगतचं, खालची कड सूतभर कापून. एका बाजूला तीन, दुसऱ्या बाजूला तीन. दोन्हींमधल्या पोकळीत आवाज अडवायला काचेची लोकर भरली. सांधे प्रत्येक बाजूला दोनच, सगळे लांब कडांचे. ते तिने तीन हात भरले, वाळू दिले, घासले.

जानराव येऊन गेला. त्याने मोबाईलचा उजेड भिंतीला चिकटवून खालून वर टाकला. फुगवटा असता तर सावली पडली असती. त्याने उजेड वर नेला, खाली आणला, आणि मोबाईल खिशात टाकला.

"तुमच्याकडे तो बांबू हाय काय अजून?" त्याने विचारलं. "माह्या पुढल्या कामाचा जिना बी असाच हाय."

रंगाच्या दिवशी गोपाल अकोल्याहून पॅसेंजरने आला. पलीकडे सोहमचा तबला सुरू होता, आणि इकडे एक मुलगी बोट ठेवून मोठ्याने वाचत होती. तिचा शब्द न् शब्द ऐकू येत होता. गोपालने चप्पल काढली, डावा तळहात भिंतीवर ठेवला आणि डोळे मिटून तो हळूहळू वरखाली फिरवू लागला, छातीपासून गुडघ्यापर्यंत, परत वर. त्याने जागा बदलली, पुन्हा फिरवला.

"सांधा कुठं हाय?" त्याने विचारलं.

"शोधा," सीमा म्हणाली.

तेवढ्यात रंगारी गोवर्धन डबे घेऊन वर आला. त्याने भिंत खालपासून छतापर्यंत न्याहाळली, आणि सवयीने गोपालकडे पाहिलं.

"मिस्त्री, कुठून सुरू करू?"

गोपालने भिंतीवरचा हात काढला आणि बाजूला सरकून सीमाला पुढे यायला जागा करून दिली.