शंभरावी सही

निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी डोकी मोजायची कंडक्टरांची खोड गेली नव्हती. लग्नाचा हॉल असो की दवाखान्याची रांग, नजर आपोआप मागून पुढे सरकायची आणि आकडा तयार असायचा. बायको चिडवायची, "घरात दोघंच आहोत हो. तरी मोजून घ्या, कुणी विनातिकीट राहायला नको."

बायकोला साखरेचा आजार होता. डाव्या तळव्याची जखम वर्षभर भरत नव्हती. गल्लीच्या तोंडाशी सरकारी दवाखाना होता, म्हणून दिवसाआड ड्रेसिंग जमत होतं. कंडक्टरांच्या खांद्यावर हात टेकून ती लंगडत जायची आणि वीस मिनिटांत परत यायची. लिंबाएवढी जखम आता बटणाएवढी झाली होती. "खाडा करू नका काकू," सिस्टर दर वेळी बजावायच्या, "दोन महिन्यांत बुजेल. खाडा झाला तर मात्र पाय हातचा जाईल."

अशात दवाखान्याच्या दारावर कागद लागला. दवाखाना हमरस्त्यापलीकडच्या नव्या इमारतीत हलवायचा प्रस्ताव आहे, नागरिकांनी जनसुनावणीला हजर राहून मत मांडावं. हमरस्त्यापलीकडे म्हणजे दोन बस, मध्ये जिन्याचा पूल. ही तिसरी सुनावणी होती. आधीच्या दोन रद्द झाल्या होत्या, कारण फारसं कुणी फिरकलंच नव्हतं. हे कळल्यावर कंडक्टरांचं डोकं फिरलं. लोकांना घरात बसून बोंबलता येतं, पण तासभर जाऊन बसता येत नाही?

आठ दिवस ते दारोदार फिरले. कोपऱ्यावरचा न्हावी वस्तरा परजत म्हणाला, "भाऊंनी ठरवून टाकलंय कंडक्टर. आपण जाऊन काय दिवे लावणार?" भाऊ म्हणजे वॉर्डातून निवडून आलेले सदस्य.

"हॉल भरला की ठरवलेलं बदलतं. रिकाम्या गाडीला कोण विचारतो?"

"भरलेली गाडी तर थांब्यावर थांबतही नाही. निम्मं आयुष्य हात दाखवण्यात गेलं माझं!"

खुर्चीतलं गिऱ्हाईक फेसातून हसलं. पण न्हाव्याने येतो म्हणून सांगितलं.

सुनावणी चार वाजता होती. कंडक्टर साडेतीनलाच हॉलच्या दारात उभे राहिले. दाराशी टेबल टाकून पालिकेचा कारकून हजेरीचं रजिस्टर घेऊन बसला होता, गोल चेहऱ्याचा, फार अदबीने बोलणारा. येणाऱ्याला स्वतः पेन उघडून द्यायचा. सह्या करून माणसं दारातच घुटमळायला लागली, तसा कंडक्टरांचा जुना आवाज बाहेर आला. "चला, पुढे सरका! आत जागा आहे!" लोक हसत हसत पुढे सरकले. एकतीस वर्षांच्या नोकरीत त्यांना एवढं बरं क्वचितच वाटलं असेल.

चार वाजून दहा मिनिटांनी त्यांनी डोकी मोजली. चौऱ्याण्णव. व्यासपीठावर भाऊ घड्याळ बघत होते. सुरुवात काही होईना. कारकून उठून कंडक्टरांजवळ आला आणि हळू आवाजात म्हणाला, "काका, तुमचे अजून कुणी यायचे आहेत का? असतील तर घेऊन या. साहेब थांबतील."

कंडक्टरांना भरून आलं. आपल्यासाठी कुणी थांबतंय, ही गोष्टच नवी होती. ते तसेच गल्लीकडे पळाले. न्हावी अजून दुकानातच होता. त्याला आणि अर्धी दाढी झालेल्या गिऱ्हाइकाला त्यांनी उठवलं. "तोंड तरी धुऊ द्या!" म्हणत ते गिऱ्हाईक टॉवेल गळ्यात घेऊनच निघालं. इस्त्रीवाला आणि त्याचे दोघे भाऊ निघाले. असे पाच झाले. सहावी घरात होती.

"मी कशाला?" बायको म्हणाली. "या पायाने?"

"तुझ्या पायासाठीच तर चाललंय सगळं. पाय दिसू दे त्यांना."

प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून इस्त्रीवाल्याच्या भावांनी तिला उचलून आणलं. वरातीत निघाल्यासारखी ती लाजत होती. हॉलच्या दारात सिस्टर उभ्या होत्या. खुर्ची बघून त्यांचा चेहरा उतरला. त्या पुढे झाल्या. "काका, काकूंना कशाला आणलंत? घरी न्या. अगदी आत्ता न्या."

"खुर्चीत आहे ती. पायाला काही होत नाही."

"पायाचं नाही म्हणत मी." पाच हातांवर कारकून बसला होता. सिस्टरांनी त्याच्याकडे बघितलं, कंडक्टरांकडे बघितलं आणि ओठ मिटले. कंडक्टर मनात म्हणाले, सरकारी नोकरी, घाबरत असेल बिचारी.

कारकुनाने रजिस्टर खुर्चीपर्यंत आणून बायकोच्या मांडीवर ठेवलं. तिने सावकाश, शाळेत शिकवली होती तशी, संपूर्ण नावाची सही केली. कारकुनाने रजिस्टर मिटलं, व्यासपीठाकडे बघून मान हलवली आणि माईक सुरू झाला.

सुनावणी झकास झाली. कंडक्टर नऊ मिनिटं बोलले. दोन बस, पुलाच्या चौसष्ट पायऱ्या, दिवसाआड ड्रेसिंग. बायकोचं बँडेज बांधलेलं पाऊल त्यांनी सगळ्यांना दाखवलं. टाळ्या पडल्या. अर्ध्या दाढीचं गिऱ्हाईकसुद्धा तावातावाने बोललं. शेवटी भाऊ हात जोडून म्हणाले, "तुमच्या भावना माझ्यापर्यंत पोचल्या." खाली उतरून त्यांनी बायकोची विचारपूसही केली.

सतरा दिवसांनी दारावर दुसरा कागद लागला. जनसुनावणी रीतसर पार पडली. किमान शंभर नागरिकांच्या उपस्थितीची अट पूर्ण झाली. हरकतींची नोंद घेण्यात आली. दवाखाना पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासून नव्या इमारतीत.

कंडक्टर तडक पालिकेत गेले. कारकुनाने खुर्ची दिली, पाणी दिलं.

"एवढी माणसं विरोधात बोलली, आणि तुम्ही..."

"बोलली ना. सगळी नोंद आहे, हवी तर नक्कल देतो." त्याने पानं उलटली. "कसं असतं काका, सुनावणी झाल्याशिवाय हलवता येत नाही. आणि शंभर माणसं आल्याशिवाय सुनावणी झाली असं धरत नाहीत. पहिल्या वेळी सात आले, दुसऱ्या वेळी चार. तिसऱ्यांदाही हुकली असती तर प्रस्ताव बारगळलाच होता. साहेब फार काळजीत होते."

"पण आम्ही नको म्हणायला आलो होतो!"

"नको म्हणणाराही हजर असतोच की." हे त्याने खरोखर समजावून सांगितल्यासारखं सांगितलं. त्यात टोमणा नव्हता, हेच कंडक्टरांना जास्त लागलं.

समोर रजिस्टर उघडं होतं. शेवटच्या पानावर शेवटची ओळ, शंभर आकड्यापुढे सावकाश काढलेली गोलाकार अक्षरं. त्याखालचे रकाने कोरे.

"वाचनालयाची सुनावणी आहे पुढच्या महिन्यात," कारकून म्हणाला. "तुमच्यासारखा माणूस पाहिजे. किती आणाल?"

कंडक्टर उठले. घरी येऊन त्यांनी बायकोला एवढंच सांगितलं की दवाखाना हलणार आहे, आपलं कुणी ऐकलं नाही. सह्यांचं काही सांगितलं नाही.

आता त्यांना आठवड्यातून एकदाच जमतं, फार तर दोनदा. पुलाच्या प्रत्येक टप्प्यावर ती बसते. बटण पुन्हा लिंबाएवढं झालंय आणि शेजारचं बोट काळं पडायला लागलंय. नव्या दवाखान्यात चकचकीत फरशी आहे, लांबलचक रांग आहे, आणि सिस्टर दुसऱ्याच आहेत.

परवा रांगेत शेजारच्या बाईशी बायकोचं बोलणं चाललं होतं.

"हा दवाखाना हलवू नका म्हणून आम्ही केवढी मोठी सभा घेतली होती. हे पुढाकारात होते. खरं वाटणार नाही तुम्हाला, पण सभा माझ्यासाठी थांबली होती. साहेब, लोक, सगळे! मला खुर्चीतून नेलं, माझी सही झाली, आणि मगच सुरू झाली."

"अगंबाई! खरं का हो?" त्या बाईने कंडक्टरांना विचारलं.

बायको त्यांच्याकडे बघत होती. गेल्या कित्येक आठवड्यांत तिचा चेहरा असा फुललेला त्यांनी पाहिला नव्हता.

"खरं आहे," कंडक्टर म्हणाले. "हिच्यासाठीच थांबले होते."