माल : हाडं

‘क्रमांक ३१ च्या सहभागी तिसऱ्या थांब्यावर मुदतीत पोहोचल्या नाहीत. सबब, पन्नाशी ओलांडलेल्या नवख्या व्यक्तींना यापुढे दोनशे किलोमीटरच्या सफरीत प्रवेश देऊ नये.’

सायकल मंडळाच्या अहवालातील ही दोन वाक्ये. पहिले खोटे आहे आणि दुसरे त्या खोट्याच्या खांद्यावर बसून आत शिरले आहे. दाद द्यावी ती मधल्या ‘सबब’ या शब्दाला. एका बाईच्या पायांवरून साऱ्या पन्नाशीचा निकाल लावण्याचे काम त्या तीन अक्षरांनी बिनबोभाट उरकले.

क्रमांक ३१ म्हणजे मी. वय अठ्ठावन्न. चौतीस वर्षे मी जुन्या हस्तलिखितांच्या प्रती ताडून पाहिल्या. कोणती ओळ आधी लिहिली, कोणती मागाहून घुसडली, नक्कल करणाऱ्याला नेमकी कुठे डुलकी लागली, हे ओळखणे हाच माझा व्यवसाय. निवृत्त झाल्यावर सायकल घेतली. आधी ग्रंथालयापर्यंत, मग शहराबाहेरच्या पाण्याच्या टाकीपर्यंत, मग दर रविवारी साठ-सत्तर किलोमीटर. अकरा महिन्यांनी दोनशेचा अर्ज भरला.

मंडळाचे सहसचिव माझे धाकटे दीर. अर्ज त्यांच्याच हाती पडला आणि त्याच संध्याकाळी ते आमच्याकडे आले. जेवणाच्या टेबलावर मी नकाशा पसरला होता. त्यांनी आपली टोपी नेमकी त्या नकाशावर ठेवली.

“वहिनी, नातवंडं खेळवायच्या वयात हे काय काढलंत?”

“नातवंडं मला नाहीत भावजी. तुम्हालाही नाहीत. मग तुम्ही काय खेळवता?”

“चेष्टा सोडा. दोनशे म्हणजे खायचं काम नाही. शंभरच्या पुढे तुमच्या वयाचं माणूस जात नसतं. नुसती हाडं जातात.”

“मग हाडंच पाठवते. माणूस घरी राहील, यांना चहा करून द्यायला.”

“चहा मी करून घेईन,” नवरा वर्तमानपत्राआडून म्हणाला. लग्नाला बत्तीस वर्षे झाली. माझ्या बाजूने त्याने केलेले हे सर्वांत प्रदीर्घ भाषण.

दीर हसले नाहीत. त्यांची अडचण मी नव्हतेच. माझी जाऊ, म्हणजे त्यांची पत्नी, त्रेपन्न वर्षांची. तीन महिन्यांपासून ती रविवारी माझ्याबरोबर येत होती आणि पुढच्या वर्षीचा अर्ज लिहून तिने माझ्या कपाटात ठेवला होता. दिरांना याचा सुगावा लागला होता. तोंडावर ‘जाऊ नकोस’ म्हणण्याची ज्याची छाती नसते, तो नियमाच्या शोधात असतो. मी हरले असते तर त्यांना तो आयता मिळणार होता.

सफरीचे नियम साधे. सकाळी सहाला निघायचे, संध्याकाळी साडेसातच्या आत परतायचे. वाटेत तीन थांबे. प्रत्येक थांब्यावर मंडळाचा माणूस बसतो, कार्डावर शिक्का मारतो आणि आपल्या तक्त्यात वेळ लिहितो. एक शिक्का हुकला की सफर बाद. तिसरा थांबा दीडशे किलोमीटरवर, एका पेट्रोल पंपासमोर, मुदत दुपारी चारची. तिथे दीर बसणार होते.

निघण्याच्या रेषेवर आम्ही एकतीस जण होतो. तीस जणांच्या अंगावर चकाकणारे घट्ट कपडे, माझ्या अंगावर नवऱ्याचा जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट. दीर टेबल गाडीत घालून थांब्याकडे निघाले होते. जाता जाता त्यांनी माझा शर्ट पाहिला, पिशवीतले उकडलेले बटाटे पाहिले.

“जिथे बसाल तिथून फोन करा. गाडी पाठवतो.”

“बसायला सीट आहे भावजी. बरोबरच नेते आहे.”

पहिले साठ किलोमीटर वाऱ्याने पाठीवर हात ठेवून नेले. त्याचे श्रेय मी घेणार नाही. पुढचे नव्वद मात्र त्याच वाऱ्याच्या नाकावर टिच्चून केले. दुसऱ्या थांब्यावर, एकशे पाच किलोमीटरवर, बारा पंचवीसला शिक्का मिळाला. तोवर उजव्या हाताची दोन बोटे माझी राहिली नव्हती. सव्वाशेच्या चढावर मांडीत गोळा आला, तेव्हा उतरून सायकल हाताने ढकलली. नियमात ते बसते. वर पोहोचून उभ्या उभ्या मीठ लावून दोन बटाटे खाल्ले आणि दिरांच्या सिद्धान्ताची तपासणी केली. शंभरानंतर हाडे चालवतात हे अर्धसत्य आहे. शंभरानंतर राग चालवतो, आणि त्याचा साठा माझ्याकडे ग्रंथालयाएवढा होता.

तिसऱ्या थांब्यावर पोहोचले तेव्हा तीन वाजून एक्केचाळीस मिनिटे झाली होती. तिथे पंप होता. टेबल नव्हते. टेबलाच्या चार पायांचे चार ठसे तेवढे धुळीत उमटलेले होते. दिरांना फोन लावला. वाजून वाजून बंद पडला. स्वतःच्या फोनवर छायाचित्र काढणे सोपे होते, पण ‘फोनमधली वेळ काय, कुणीही बदलतं’ हे वाक्य मला तिथेच ऐकू आले. मला परक्या हाताचा पुरावा हवा होता. पंपाला लागूनच ट्रक तोलायचा वजनकाटा होता. खिडकीत काटेवाली बाई सफरचंद खात बसली होती.

“बाई, इथे टेबल घेऊन बसलेले गृहस्थ कुठे गेले?”

“टोपीवाले? गेले की. पाव तास झाला असेल.”

“तुमच्या पावतीवर वेळ छापून येते?”

“येते ना. तारीख, वेळ, सगळं.”

“मग माझा काटा करा.”

तिने सफरचंद खाली ठेवले. “काकू, इथे ट्रक तोलतात. दहा-दहा किलोनं सरकतो हा काटा. तुमच्या वजनाचा त्याला पत्तापण लागायचा नाही.”

“लागेल. सायकल धरून उभी राहते.”

त्या अवाढव्य लोखंडी पाटावर मी सायकलीसह मधोमध उभी राहिले. मागे एक ट्रक येऊन थांबला आणि चालकाने हॉर्न दिला. काटेवालीने खिडकीतून डोके बाहेर काढले. “थांब रे जरा! बाईमाणूस तोलतेय!” मग मला म्हणाली, “गाडी नंबर?”

“एकतीस.”

“माल काय लिहू? रकाना रिकामा ठेवला तर मशीन पुढे जात नाही.”

“हाडं.”

“काय?”

“हाडं लिहा. आमच्या घरात तोच शब्द रूढ आहे.”

ती इतकी हसली की तिला दोनदा टाइप करावे लागले. पावती निघाली. गाडी : ३१. माल : हाडं. वजन : ८० किलो. वेळ : १५:४८. तिने खाली सही केली, शिक्का मारला आणि उरलेले अर्धे सफरचंद माझ्या हातात कोंबले. “जा काकू. सोडू नका त्याला.”

संध्याकाळी सात वाजून दहा मिनिटांनी मी शेवटची रेषा ओलांडली. वीस मिनिटे हाताशी होती. जाऊ तिथे उभी होती. तिने सायकल धरली म्हणून मी उतरू शकले, नाहीतर तशीच बसून राहिले असते. मंडळाच्या अध्यक्षांनी कार्ड उलटसुलट केले.

“तिसरा शिक्का कुठाय?”

“शिक्का मारणारा नव्हता.”

“असं कसं होईल?”

“हाच प्रश्न मीही विचारते आहे.”

पावती त्यांनी पाहिलीही नाही. वजनकाट्याचा शिक्का म्हणजे मंडळाचा शिक्का नव्हे, असे सांगितले. आठ दिवसांनी तो अहवाल आला. मी हरकतीचा अर्ज दिला आणि समितीची बैठक लागली.

मंडळाची खोली लहान. एक लांब टेबल, सात खुर्च्या, कपाटावर धूळ खाणारे चषक. अध्यक्ष टेबलाच्या टोकाला, दीर त्यांच्या उजवीकडे. जाऊ माझ्याबरोबर आली होती. ती दाराजवळच्या खुर्चीत बसली, आणि दिरांनी तिच्याकडे पाहण्याचे टाळले.

“तिसऱ्या थांब्याचा मूळ तक्ता दाखवा,” मी म्हणाले.

“मूळ कशाला? अहवालात टाइप केलंय सगळं,” अध्यक्ष म्हणाले.

“टाइप केलेलं सगळंच खरं असतं, तर मी चौतीस वर्षं फुकट डोळे फोडले म्हणायचे.”

तक्ता आला. एकच कागद. एक ते एकतीस क्रमांक छापलेले, प्रत्येकासमोर हाताने लिहिलेली वेळ. मी तो खिडकीच्या उजेडात धरला आणि मला पाच मिनिटेही लागली नाहीत. वाईट लबाडीचा हाच दोष, की ती अभ्यासकाला पुरेसा वेळ गुंतवून ठेवत नाही.

सकाळी अकरापासूनच्या नोंदी काळ्या शाईच्या. क्रमांक सतरासमोर ‘१:०’ इथपर्यंत काळे पेन फिकट होत गेले आणि मेले. पुढचा ‘५’ निळा. त्यानंतर आलेल्या प्रत्येकाची वेळ निळी, अगदी तीन अठराला आलेल्या शेवटच्या क्रमांक चोवीसपर्यंत. आणि क्रमांक एकतीससमोर ठसठशीत, सलग, काळ्या शाईत लिहिलेले : ‘मुदतीत आल्या नाहीत’.

कागद मी टेबलावर सरकवला. “काळं पेन एक वाजून पाच मिनिटांनी संपलं. माझी मुदत चारची. चारची बातमी एकच्या आत लिहायची म्हणजे भविष्य सांगण्याचाच प्रकार झाला.”

“दुसरं काळं पेन असेल माझ्याकडे,” दीर म्हणाले.

“असेल. मग एकनंतर आलेल्यांपैकी एकाच्याही वाट्याला ते का आलं नाही?”

अध्यक्षांनी कागद डोळ्यांजवळ नेला. मग प्रथमच वजनकाट्याची पावती उचलली आणि मोठ्याने वाचली. “वेळ पंधरा अठ्ठेचाळीस. माल, हाडं. हे काय?”

“सहसचिवांची परिभाषा आहे. मी फक्त उद्धृत केली.”

दारापाशी जाऊ हसली. दिरांनी टोपी काढली, गुडघ्यावर ठेवली, पुन्हा घातली, आणि बोलले.

शिफारस त्याच बैठकीत रद्द झाली आणि सफर पूर्ण करणाऱ्यांच्या यादीत एकतिसावे नाव चढले. घरी परतताच जाऊने माझ्या कपाटातून आपला अर्ज काढला आणि त्यावर तारीख घातली. दिरांचे बोलणे इतिवृत्तात शब्दशः घ्यावे, एवढाच माझा आग्रह होता. अध्यक्ष ‘सहसचिवांनी अनवधानाची कबुली दिली’ असे लिहायला निघाले होते. मी ते खोडायला लावले. अनवधान असते तर शाई बदलली असती. म्हणून इथेही पदरचे काही न घालता, इतिवृत्तातूनच उतरवून घेते :

“वहिनी, ते मी सकाळी टेबल मांडतानाच लिहून ठेवलं होतं. तुम्ही काही तिथवर येणार नव्हता. शेवटचा माणूस तीन अठराला आला. सगळे येऊन गेले होते, मग मी थांबायचं कोणासाठी?”