कोनशिलेचं चौथं निमंत्रण

उपहासकार हा समाजाचा जागता पहारेकरी असतो, हे वाक्य अयुब मास्तरांनी पुण्याला बी.ए. करताना वहीत ठळक अक्षरांत उतरवून घेतलं होतं. शिरूरला संसार मांडल्यावर सुगराबीनं ती वही दुधाच्या पातेल्यावर झाकण म्हणून ठेवली. मांजर फिरकलं नाही, तेवढा पहारा झाला.

मास्तर गावच्या साप्ताहिकात ‘चिमटा’ या नावानं लिहीत. चिमटा म्हणजे कोण हे कोणालाच ठाऊक नाही, असं एकट्या मास्तरांना वाटे.

अठ्ठावन्न सालच्या मे महिन्यात मात्र त्यांनी जपून राहायला हवं होतं. हायस्कुलातली नोकरी दोन वर्षं हंगामी होती आणि कायम करण्याच्या कागदावर शाळा कमिटीचे चेअरमन हौसराव यांची सही व्हायची आहे, असं मास्तरांच्या कानावर होतं. महिनाभर चिमटा खुंटीला टांगा, असं सुगराबीनं सांगून पाहिलं. पण गावाबाहेरच्या ओढ्यावर पुलाची कोनशिला तीनदा बसली होती, तिन्ही वेळा हौसरावांच्याच हातून, आणि पुढे एक चिरा चढला नव्हता. इतका पिकलेला विषय झाडावर ठेवणं मास्तरांच्या जिवावर आलं. त्यांनी लग्नपत्रिकेच्या थाटात लिहिलं: ‘आमचे येथे श्रीकृपेकरून ओढ्यावरील पुलाची कोनशिला चौथ्यांदा बसविण्याचे योजिले आहे. शुक्रवारी सकाळी नऊ वाजता सहकुटुंब यावे. येताना पूल आणू नये.’

छापखान्यात खिळे जुळवायला ज्योतिबाआप्पा होते. त्यांचा वीस वर्षांचा नेम असा, की ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’नं सुरू होणारा मजकूर पहिल्या पानावर, वेलबुट्टीच्या चौकटीत. लग्नसराई होती, चौकटी तयारच होत्या. शेवटची ओळ आणि ‘चिमटा’ ही सही चौकटीत मावेना, म्हणून आप्पांनी दोन्ही काढून टाकल्या.

शुक्रवारी ओढ्यावर माणूस मावेना. मास्तर मागं बाभळीखाली उभे राहिले आणि मनातल्या मनात ट्रंक भरू लागले. हौसराव फेटा बांधून आले; त्यांची खात्री, की हा घाट गावातले त्यांचे विरोधक बबनराव यांनी त्यांना डावलून घातलाय. बबनरावही फेटा बांधून आले. त्यांची खात्री नेमकी उलट. निमंत्रण कोणाचं हे दोघांनीही विचारलं नाही. विचारलं असतं तर आपल्याला ठाऊक नव्हतं हे चारचौघांत उघडं पडलं असतं. बँडवाले लग्न समजून आले होते, तेही वाजवू लागले.

अडचण एकच, शिळा कोणी आणली नव्हती. शोधाशोध झाली तेव्हा तिसऱ्या वेळची शिळा काठावर सापडली. तिच्यावर जवळच राहणाऱ्या कुशाबाईंनी कुरडया वाळत घातल्या होत्या. सगळं गाव थांबलं. त्यांनी एकेक कुरडई सावकाश सुपात काढली आणि म्हणाल्या, “बिगीबिगी उरका बाबांनो. उन्हं हायती तवर मला परत घालायच्यात.”

बबनराव पुढे सरकायच्या आत हौसरावांनी नारळ फोडला. भाषण झालं, पेढे झाले. मग त्यांनी बोटानंच मास्तरांना बाजूला बोलावलं.

“मास्तर, त्यो चिमटा म्हंजी तुम्हीच न्हवं?”

मास्तरांनी मान खाली घातली आणि होय म्हणाले.

“मग छापायच्या आधी मला सांगायचं व्हतं. त्यो बबन्या आज पुढं घुसत व्हता.”

मास्तरांनी धीर करून सांगितलं, की हा उपहास होता, टीका होती.

“आसंल की,” हौसराव म्हणाले. “पर गर्दी झाली का न्हाई? तिन्ही खेपंला झाली न्हवती. आता पाचव्या खेपंचं आवतन तुम्हीच लिव्हा. आन् तुमचा कागद मी बघतो.”

उरलेला पेढा रुमालात बांधून मास्तर घरी आले. आपल्या लेखणीनं एवढं गाव हलवलं, वर नोकरीही वाचवली, हे त्यांनी सुगराबीला दोनदा सांगितलं. तिनं पेढ्याचे दोन भाग केले आणि मोठा त्यांना दिला. चिमटा पुढच्या आठवड्यातही खुंटीला लागला नाही.

कायम केल्याचा कागद जूनच्या सात तारखेला आला. हौसरावांच्या सहीखाली तारीख होती अकरा एप्रिल.