पागे सरांच्या एसीतली गंगा

श्रावणातल्या त्या सोमवारी उज्जैनच्या फ्रीगंजमधल्या पागे सरांच्या दारातल्या चपलांचा ढीग पार रस्त्यापर्यंत पोचला होता. आत हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. सगळ्यांच्या माना वर, भिंतीवरच्या एसीकडे. एसीच्या कडेवरून थेंब सुटे आणि खालच्या फळीवरच्या शिवलिंगावर बरोब्बर पडे.

"देख लो," खुर्चीत मांडी घालून बसलेले धारानंद महाराज म्हणाले, "उज्जैन में एसी तो घर-घर में हैं. गंगा मैया किसके यहाँ उतरी? पानी को पाइप से जाना था, नहीं गया. क्यों? मैया की इच्छा. और जितनी भक्ति, उतनी धारा. दरवाज़ा खोल दो, सबको आने दो."

दार उघडलं. पावसात भिजलेली आणखी माणसं आत शिरली आणि थोड्या वेळात थेंबांची खरोखरच धार झाली. बायकांनी हात जोडले.

या सगळ्याच्या मध्यभागी, खांद्यावर उपरणं आणि हातात तीर्थाची पळी घेऊन उभे होते स्वतः यज्ञेश्वर पागे. कॉलेजात जन्मभर फिजिक्स शिकवलेले. गणेशोत्सवात लिंबू-मिरचीच्या अंधश्रद्धेविरुद्ध व्याख्यानं दिलेले.

आता सर काही सहजासहजी फसले नव्हते, निदान त्यांचं स्वतःचं तसं म्हणणं होतं. पहिला थेंब पडला तेव्हा त्यांची थोरली बहीण अक्का हात जोडून उभी राहिली आणि सर हसले होते. "प्रयोग करून दाखवतो," म्हणाले आणि त्यांनी एसी बंद केला. पाणी थांबायला हवं होतं. ते वाढलं. सरांनी चष्मा पुसला आणि प्रयोग तिथेच संपवला. संध्याकाळी शेजारी आले, त्यांच्यामागून महाराज आले आणि लोक सरांच्या पाया पडू लागले. कॉलेजात प्रॅक्टिकलची परीक्षा तोंडावर आल्याशिवाय त्यांच्या पाया कुणी पडलं नव्हतं. खरं सांगायचं तर उरलीसुरली शंका तिथे विरघळली.

पत्नी मंगलाताई मुलीच्या बाळंतपणासाठी इंदूरला होत्या. त्यांना सरांनी फोनवर एवढंच सांगितलं, "घरी जरा वर्दळ आहे."

अक्का रोज वाटीभर तीर्थ घेत होती. "मैया के रहते गोली?" असं महाराज म्हणाल्यापासून तिने ब्लडप्रेशरच्या गोळ्याही सोडल्या. सरांनी ते ऐकलं होतं. पण भक्तांसमोर महाराजांचं बोलणं तोडायचं कसं, म्हणून गप्प राहिले. मंगळवारी सकाळी अक्काला उलट्या-जुलाब सुरू झाले आणि ती न्हाणीत चक्कर येऊन पडली.

दवाखान्यात सलाईन लावून झाल्यावर डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "यांच्या पोटात काय गेलं?"

"तीर्थ."

"कुठलं?"

"आमच्या एसीचं," सर म्हणाले.

बाईंनी पेन खाली ठेवलं. "आपण काय करता?"

"फिजिक्स शिकवायचो."

पुढचं सगळं बाई नर्सशीच बोलल्या. अक्काचा हात उशीवर थंडगार पडला होता. तो धरून बसलेल्या सरांना प्रथमच आपली लाज वाटली आणि भीतीही.

सरांचा फोन गेला आणि दुपारी मंगलाताई इंदूरहून थेट दवाखान्यात आल्या. अक्काला पाहिलं, डॉक्टरांशी बोलल्या आणि सरांना घेऊन घरी आल्या. त्याही विज्ञानाच्याच शिक्षिका, पण शाळेतल्या. त्यामुळे आजवर घरात सरांचाच शब्द शेवटचा असे. हॉलमध्ये महाराज आरतीच्या तयारीत होते. मंगलाताईंनी पदर खोचला, मेन स्विच बंद केला आणि स्टूल ओढलं.

"तुम्ही धरा," त्या सरांना म्हणाल्या.

त्यांनी एसीचं पुढचं झाकण उचललं. जाळीवर धुळीची गोधडी बसली होती. जाळी काढली तर आतल्या गार नळ्यांवर पांढरा थर.

"हे काय आहे?"

"बर्फ," सर म्हणाले.

"जाळी तुंबली, हवा पुरेशी जाईना, म्हणून बर्फ धरला. एसी बंद केलात की तो वितळणार. पाणी वाढलं ते म्हणून." मग त्या खिडकीतून बाहेर वाकल्या. पाण्याचा पाइप तारेने गजाला वर बांधलेला होता. "हे कुणी केलं?"

"माझ्या स्कूटरवर पाणी ठिबकायचं," सर पुटपुटले.

"पाणी चढावर जातं?"

हॉलमधली सगळी मंडळी सरांकडे बघू लागली. "नाही," सर तोंडी परीक्षेतल्या पोरासारखे म्हणाले.

सरांनी स्वतःच जाऊन तार सोडली. पाइपातून हिरवा चिकट गोळा निघाला आणि मागोमाग साचलेलं पाणी भसकन स्कूटरवर आलं. जाळी धुतली, बर्फ वितळू दिला, मग एसी पुन्हा लावला. सगळे शिवलिंगाकडे बघत बसले. एकही थेंब पडला नाही.

"मैया रूठ गई," महाराज उठत म्हणाले.

"रुसली नाही महाराज, वाटेला लागली," मंगलाताई म्हणाल्या. "तुम्हीही लागा."

शेजारच्या मीराबाईंना मात्र राहवेना. "पण सर, आम्ही आलो की धार वाढायची, ते आम्ही डोळ्यांनी बघितलंय."

सरांनी उपरणं काढून खुर्चीवर ठेवलं. "उघड्या दारातून पावसाळी हवा आत यायची. त्यात तुमचे ओले कपडे, तुमचा श्वास. गार पाण्याच्या पेल्याला बाहेरून घाम फुटतो ना, तसं ती वाफ नळ्यांवर पाणी होऊन जमायची."

"यानी हम अपनी ही साँस पी रहे थे?" मागून एका भक्ताने विचारलं.

"आणि माझ्या जाळीवरची धूळ," सर म्हणाले.

अक्का बरी होऊन घरी आली. ती पूजा करते, गोळ्याही घेते. मधूनमधून कुणी गंगेची चौकशी करत येतं. सर त्याला आत बसवून सांगतात, "एसी गळू नये म्हणून जाळी महिन्या-दोन महिन्यांनी धुवा. पाइपाला उतार ठेवा, तो तुंबू देऊ नका. ते पाणी पिऊ नका आणि कुणाच्या सांगण्यावरून औषध सोडू नका. माझ्याही सांगण्यावर जाऊ नका. मी एम. एस्सी. आहे आणि हातात पळी घेऊन उभा होतो. पदवी भिंतीवर टांगून शंका फिटत नाही. स्टुलावर चढून झाकण उघडावं लागतं."